चौदा चिठ्ठ्या

चिचटोल्याच्या मंडईत माझं काम एवढंच :
चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि खडीगंमतीच्या मंचाशी न्यायच्या.
ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहूनही द्यायच्या.
दहाची नोट आत गुंडाळलेली,
कधी वहीचं पान, कधी बिडीच्या कट्ट्याचा कागद,
एकदा तर राशनची पावती,
आणि सगळ्यांवर एकच शब्द :
डोंगा.
डोंगा म्हणा.
डोगा, अनुस्वार घरी विसरलेला.
डोंगा पाह्यजेच, नाही तं पैसे वापस.

झिबल शाहिरांनी ते बाविसाव्या वर्षी रचलं,
वैनगंगेच्या काठी, डोंग्याची वाट बघत, कंटाळून.
नवरी डोंग्यात बसते, करवली काठावर राहते,
नावाडी मधधारेत भाड्याची घासाघीस करतो.
झालं गाणं.
"चाळीस वर्सं झाली," शाहीर म्हणायचे,
"अजून पोचली नाही थे पोरगी पलीकडं.
दर मंडईले मीच बसवतो, मीच अडवतो."

त्यानंतर किती रचलं त्यांनी.
तेंदूपत्त्याच्या फडावरचं.
पार्बताबाई गेल्या त्या सालचं,
ज्यात पार्बताबाईंचं नावसुद्धा नाही,
नुसती चूल, आणि चुलीपाशी दोन पाट.
ते सुरू झालं की मागून हमखास :
"शाहीर, डोंगा सोडा ना गा!"

साकोलीची शेवटची गाडी गाठणारे
आधीच मागतात, हात जोडून.
पिऊन आलेले तीनदा मागतात, पैसे एकदाच देतात.
ब्राह्मणकर गुरुजी कधीच मागत नाहीत.
"ज्याले काही समजत नाही तो डोंगा मांगते,"
आणि डोंगा लागला की पानठेल्यामागे जाऊन
एकटेच ताल धरतात, चपलेनं.

एका साली मला राग आला.
नेमका कोणाचा, ते आजही सांगता यायचं नाही.
चौदा चिठ्ठ्या आल्या. चौदाही डोंगा.
नोटा पेटीवाल्याच्या हाती दिल्या,
चिठ्ठ्या खिशात.
म्हटलं, आज शाहीर मोकळे.

गायलेही तसेच, मोकळे.
चुलीचं दोनदा.
लोकांनी ऐकलं, खोटं कशाला बोलू,
शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.
पण कसं, की घरी पाहुणा यायचा असला
म्हणजे बोलता बोलता माणूस दाराकडे बघतो, तसं.

दोनच्या सुमारास एक म्हातारी आली
अंगावर पोतं पांघरून.
"बापू, माही चिठ्ठी पोचली का गा?"
"पोचली, आजी."
"तं मंग येइन पारी,"
म्हणून जागेवर जाऊन बसली.

चार वाजता राधा झालेल्या पोरानं घुंगरू सोडले.
शाहीर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले,
"का गा, डोंगा कोनीच नाही मांगतला?"

असं तोंड त्यांचं
मी पार्बताबाईंच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

खिशात हात घातला. रिकामाच काढला.
म्हटलं, गर्दीत राहून गेल्या असतील.

मग त्यांनी न मागताच म्हटला.
अर्धं मैदान उठलेलं, ताडपत्र्या झटकणं चाललेलं,
ढोलकीवाला एका हातानं वाजवत, दुसऱ्यानं मफलर बांधत.
दुसरं कडवं त्यांना आठवेना.
ते पानठेल्यामागून आलं,
भसाड्या आवाजात, एकही शब्द न चुकता.
नावाडी मग नेहमीसारखाच अडला.

म्हातारी पोत्यावर झोपून गेली होती.
कोणी उठवलं नाही.
मीही नाही.

चिठ्ठ्या अजून आहेत पेटीत, तेरा;
एक कुठे गेली ठाऊक नाही.
म्हातारीची मात्र आहे, लगेच ओळखू येते.
अक्षर माझंच.